दीड मुलगा

बगदाद, ८ ऑक्टोबर २००६

अबू कर्रार,

फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग लाइन तुटते. म्हणून लिहिते. अबू सत्ताम परवा गाडी घेऊन दमास्कसला निघतोय, त्याच्या हाती देईन. कागदावर तरी तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

पोरांना का पाठवत नाहीस, असं विचारतोस. तुला खरंच कळत नाही, की कळून वेड पांघरतोस? मार्चमध्ये मारायच्या माणसांच्या यादीत तुझं नाव आलं, तू गेलास, ते बरोबर केलंस. मीच तुझी बॅग भरली. पण "महिन्याभरात सगळ्यांना नेतो" असं म्हणून गेलेला माणूस आता दमास्कसच्या जरामान्यातल्या खोलीत बसून मला हुकूम सोडतो, हे मला खपायचं नाही.

इथलं ऐक. गेल्या सोमवारी सुबहीला कॉलेजच्या फाटकात मारलं. आपल्या लग्नात तुझा टाय ज्यानं बांधला तोच सुबही. काच खाली करून पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवत होता. मी मागच्या गाडीत होते. त्याचं डोकं पलीकडच्या सीटवर गेलं ते मी पाहिलं. पहारेकऱ्यानं आधी नळी आणून रस्ता धुतला, कारण मागे गाड्यांची रांग लागली होती आणि लोक हॉर्न वाजवत होते. माझा तास होता, मी तासाला गेले. दगड आहे ही बाई, असं म्हणशील. म्हण.

वर्गात मोजकी पोरं होती. धडा यादृच्छिक चल. मी दरवर्षीसारखा फळ्यावर फासा काढला, तर रुआ नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, फासा राहू द्या. आम्ही चौघी एका मिनीबसनं येतो. उद्या किती जणी पोचतील, तो चल घ्या." घेतला. शून्य, एक, दोन, तीन, चार. प्रत्येकासमोर संभाव्यता लिहायची, सगळ्यांची बेरीज एक. मागून कुणीतरी म्हणालं, "चार खोडा, हिची आई उद्यापासून सोडणार नाही." पोरं हसली, मीही हसले. अंगावर सुबहीचं रक्त होतं का ते मी घरी येऊन पाहिलं.

आणि आपल्या घरातली दोन नावं विसरलास का? थोरल्याचं माझ्या बापानं ठेवलं, नजफचं नाव, कर्रार, ज्याचा बाप म्हणून तू अबू कर्रार झालास. धाकट्याचं तुझ्या आईनं, मरवान. तुझ्या घरचे सुन्नी नि माझ्या घरचे शिया त्या दिवशी एका परातीतून जेवले. सगळे म्हणाले, काय शहाणं जोडपं आहे, दोन्ही सासरं खूश. आता पुलापलीकडे मरवान हे नाव वाचलं की माणसाच्या गुडघ्यात ड्रिल घालतात, आणि तुझ्या पश्चिमेच्या रस्त्यावर कर्रार वाचलं की गळा चिरतात. दोघांना एका गाडीत घालून पाठव म्हणतोस. कुठल्या नाक्यावर कुठला पोरगा देऊ, तेही कळव.

बुथैना

बगदाद, २१ ऑक्टोबर

अबू कर्रार,

तू जिंकलास. पाठवते.

काल सकाळी मरवान बाहेर निघाला, तर दारात पाकीट. आत कलाश्निकोव्हची गोळी आणि शाळेच्या वहीचा कागद. "शिया बाईनं पोरांसकट घर सोडावं." खाली सहीसुद्धा नाही, भेकड मेले. कोपऱ्यावरच्या रोटीवाल्यालाही असंच पाकीट आलं होतं. तो म्हणाला, मी इथंच जन्मलो, कोण काय करतंय. गुरुवारी इफ्तारच्या आधी, गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना, त्याला तंदूरपाशी गुडघ्यावर बसवून गोळी घातली. रोट्या आत जळत राहिल्या, कुणी हात घातला नाही. आपल्या मरवाननं ते पाहिलं. घरी आला आणि भात खाऊ लागला. मी विचारलं, "रोटी?" तर म्हणाला, "आज भातच खाऊ, आई."

तेव्हा जायचं ठरलं. मी मागे राहते. नजफहून माझा भाऊ न्यायला येणार आहे, घराचं काहीतरी लावून त्याच्याबरोबर जाईन. माझी काळजी तू करू नकोस, तुला सवय नाही.

आता भांडण एकच. तू म्हणतोस, दोघं एका गाडीत. भावाला भाऊ असेल. मी म्हणते, दोन गाड्या, दोन दिवस. काल मसूरच्या सूपच्या भांड्यावर आमची सभा भरली. मी अबू सत्तामला फोन करून विचारलं होतं, चार गाड्या निघाल्या तर किती पोचतात? म्हणाला, "तीन धरा, डॉक्टर. अल्लाची मेहेरबानी असली तर सव्वातीन." तीन धरल्या. आता बघ. एका गाडीत दोघं: चारांत तीनदा दोघंही पोचतात आणि एकदा कुणीच नाही. वेगवेगळ्या गाड्यांत: सोळांत नऊ वेळा दोघं, सहा वेळा एकजण, आणि सोळांत एकदाच कुणी नाही. सरासरी दोन्हीकडे सारखी येते, दीड.

मरवान म्हणाला, "दीड मुलगा? म्हणजे अर्धा मीच असणार, धाकटा ना." कर्रारनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग कर्रार मला म्हणाला, "आई, तुझ्याच गणितानं दोघं पोचायची शक्यता एका गाडीत जास्त आहे. बारा नि नऊ. बाबांचं बरोबर आहे." बरोबरच आहे, मी नाही कुठं म्हणते? तू बारा सोळांशावर डाव लावतोस, कारण तू तिकडे दारात दोघांना घ्यायला हात पसरून उभा आहेस. मी शून्याला भिते. दारावर टकटक होईल आणि कुणीतरी सांगेल, गाडी जळाली, आत दोघं होते. ते मला ऐकायचं नाही. एक तरी राहिला पाहिजे. एवढं मला हवंय, बाकी तुझं सगळं ऐकते.

ईदला त्यांना काही पाठवू नकोस, रस्त्यात चोरतात.

बुथैना

बगदाद, ३ नोव्हेंबर

अबू कर्रार,

तुझा निरोप मिळाला. दोन गाड्या मान्य केल्यास, उपकार झाले. कार्डाची तुझी कल्पनाही केली.

मला आधी ती पटली नव्हती. कर्रारला पश्चिमेच्या रस्त्यासाठी सुन्नी नावाचं कार्ड हवं, हे खरं. पण परक्या नावाचं घेतलं तर नाक्यावरचे लोक गाव विचारतात, आजोबा विचारतात, टोळी विचारतात, आणि पोरगं त-त-प-प करतं. तसेच मेलेत कितीतरी जण. तू म्हणालास, "घरातलंच नाव घे. मरवानचंच कार्ड बनव, फोटो कर्रारचा लाव. आजोबा तेच, गाव तेच, विचारलं तर झोपेतही सांगेल." बाजारातला कार्डवालाही तेच म्हणाला. "नंबर खरा असला की पन्नास फोन करू देत, डॉक्टर, उत्तर खरंच येणार." मी कबूल केलं की तुझं डोकं कधीकधी चालतं. पंचवीस डॉलर घेतले त्यानं, आणि वर मला चहा पाजला.

कर्रारनं दाढी काढली. दोन वर्षांनी लहान दिसला की नाही कोण जाणे, पण मरवानसारखा मात्र दिसला, मला एकदम भरून आलं. दोघं आरशासमोर उभे राहून एकमेकांना "मरवान साहेब" म्हणत होते. मी ओरडले तेव्हा थांबले. खरे पासपोर्ट बुटाच्या तळात शिवलेत, ते फक्त सीमेवर काढायचे. मंगळवारी कर्रार, अबू सत्तामच्या पुतण्याच्या गाडीत. बुधवारी मरवान, खुद्द अबू सत्तामबरोबर. त्याचं कार्ड तर त्याचं स्वतःचंच, त्या रस्त्यावर त्याच्या नावाला कोण हात लावणार? धाकट्याची मला काळजी नाही. थोरला पोचला की मी झोपेन.

बुथैना

बगदाद, ८ नोव्हेंबर

अबू कर्रार,

दोनच ओळी, अबू सत्ताम दारात हॉर्न वाजवतोय. कर्रार रमादीच्या पुढे सुखरूप गेला, रात्री मेसेज आला. सीमेवर गाड्यांची रांग आहे, अजून इकडच्याच बाजूला अडकलाय, दुपारपर्यंत पार होईल म्हणतो. नाक्यावर कुणीतरी तुमच्या आना गावचा म्हातारा भेटला, तुझ्या बापाचा जुना विद्यार्थी. हामिद मास्तरांचा नातू म्हणून त्याला खजूर दिले आणि अर्धा तास गप्पा मारल्या. मरवान वाचून हसतोय, म्हणतो माझ्या वाट्याचे खजूर हा खाऊन गेला.

हे पत्र तुझ्या धाकट्याच्या पाठोपाठच तुझ्या हातात पडेल. त्याला आधी जेवायला घाल.

बुथैना

बगदाद, १७ नोव्हेंबर

नाझिम,

वरचं पत्र अबू सत्तामनं परत आणलं. तसंच जोडलंय, वाच.

फोनवर मी फक्त "मरवान गेला" एवढंच म्हणाले आणि तू किंचाळत राहिलास. कर्रार मागे उभा असेल म्हणून मी पुढे बोलले नाही. आता नीट सांगते. खुर्चीवर बस. हे पत्र एकट्यानं वाच, संडासात जाऊन वाच, पण कर्रारच्या नजरेस पडू देऊ नकोस.

तोच नाका होता. तोच आनाचा म्हातारा, तोंड उघडं, बाकीच्यांची झाकलेली. त्यानं मरवानचं कार्ड पाहिलं, उलटवलं, परत पाहिलं. म्हणाला, "मरवान नाझिम हामिद काल इथून गेला. मी त्याला माझ्या हातानं खजूर दिले. मास्तरांना एकाच सालात एकाच नावाचे दोन नातू झाले काय?" मरवान म्हणाला, "मला माहीत नाही, काका." "मग काल गेला तो कोण?" "माहीत नाही." एकानं त्याला खाली ओढलं आणि बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा हात दगडावर ठेवून फोडला. अबू सत्ताम म्हणतो, बोटांचा आवाज गाडीत आला.

म्हातारा म्हणत होता, "दोघांतला एक सरकारचा हेर आहे. तू खरा असशील तर मास्तरांच्या घराचं काहीतरी सांग. मग मी कालच्याला सीमेवर जाऊन धरतो. माझी माणसं तिथवर आहेत." नाझिम, मरवानला सगळं माहीत होतं. तुझ्या बापाच्या अंगणातलं पाणी खेचायचं चाक, नोरिया, छपरावर वाळत घातलेले जर्दाळू, तुझी आई कोंबड्यांना कसल्या शिव्या द्यायची ते. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण तो खरा ठरला की कर्रार खोटा ठरत होता, आणि कर्रार अजून सीमेच्या अलीकडे होता. त्याच्या खिशातल्या फोनवर भावाचाच मेसेज होता. तो त्यानं आधीच, गाडीतून उतरतानाच, पुसून टाकला होता.

दुसरा हात फोडल्यावर तो म्हणाला, "मी खोटा आहे. कार्ड बाजारातून विकत घेतलंय. मास्तर कोण ते मला माहीत नाही."

अबू सत्तामला वाटलं, भीतीनं पोराचं डोकं फिरलं. मला तसं वाटत नाही. त्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला नेलं. गोळी वाया घालवली नाही. किती वेळ लागला ते अबू सत्ताम सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही. हातात चहाचा ट्रे होता तो त्याच्या तोंडावर मारला, वर दोनदा मारला. नाक फुटलं त्याचं. तो उभा राहिला, रक्त टिपलं, म्हणाला, "मारा, डॉक्टर. मी तोंड उघडलं असतं तर दोघंही गेले असते, आणि मीही." मला त्याला आणखी मारायचं होतं. पण तोच माणूस दोन दिवस तिथं घिरट्या घालून माझं पोरगं ताडपत्रीत बांधून घेऊन आला होता. कोण आणतं हल्ली?

मी स्वतः धुतलं त्याला. बाईनं मुलाला धुवायचं नसतं, असं मशिदीतला माणूस म्हणाला. मी म्हटलं, गळ्याजवळचं मी धरते, तू पाणी ओत. त्यानं पाणी ओतलं. नजफला नेता येईना, आनाला नेता येईना, दोन्ही रस्त्यांवर त्याचं नाव विचारलं असतं. ह्या वस्तीतल्या फुटबॉलच्या मैदानात पुरलाय, गोलच्या खांबापलीकडे. तिथं आता बऱ्याच जणांना पुरलंय.

तू फोनवर "तुझ्या दोन गाड्या, तुझ्या दोन गाड्या" असं बोंबलत होतास. तर ऐक. मी दोन गाड्या स्वतंत्र धरल्या. एकीचं काही झालं तरी दुसरीला त्याचा पत्ता नसतो, तेव्हाच तो गुणाकार करता येतो. तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश. पहिल्या वर्षाचं पोरगंही विचारेल, दोघांच्या खिशात एकच नाव असताना त्या स्वतंत्र कशा? मी विचारलं नाही. मी, जी दर वर्षी हाच प्रश्न चुकलेल्या पोरांचे गुण कापते. नाव तुझं, दिवस माझे. एका गाडीत गेले असते तर एका नावाची दोन कार्डं आपण केलीच नसती. वेगळ्या नावांनी गेले असते तर म्हाताऱ्याला काही आठवलंच नसतं. तुझी एकट्याची अक्कल पोराला मारायला पुरी पडली नसती, माझीही नसती. दोघांची लागली. आता पुन्हा माझ्यावर ओरडू नकोस, मी तुझ्यावर ओरडणार नाही. तेवढं बळ उरलेलं नाही.

बुथैना

बगदाद, ४ डिसेंबर

नाझिम,

कर्रारचा फोन आला होता. तू झोपला होतास म्हणे. तू झोपू कसा शकतोस, ते असो.

त्यानं रडारड केली नाही, तेच मला आवडलं नाही. अगदी वर्गात बसल्यासारखा एकेक विचारत होता. "आई, त्याला कुठल्या नाक्यावर थांबवलं? माझ्याच का? तो रस्ता तर त्याच्या नावाचा होता. कार्ड खरं, गाव खरं. मग त्याला मारायला कारण काय होतं?" मी म्हटलं, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला. हे पोरगं माझंच आहे, कारण सापडेपर्यंत सोडणार नाही.

तू लिहिलंस की त्यानं भिंतीवर मुठी मारून घेतल्या, हात सुजलाय. लिहिलंस की जरामान्यात कुणाकडून तरी पिस्तुलाचा भाव विचारत होता. आणि त्याखाली असंही लिहिलंस, "खरं सांगून टाकू या, सत्य कळणं त्याचा हक्क आहे." तुझा हक्क चुलीत घाल.

विचार कर जरा. त्याला कळलं की त्याच्या खिशातल्या कार्डानं भाऊ मारला. त्याला कळलं की तो खजूर खात म्हाताऱ्याला अंगणातल्या गोष्टी सांगत बसला, म्हणून म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं. त्याला कळलं की भावानं त्याला सीमा पार करता यावी म्हणून बोटं फोडून घेतली आणि स्वतःचं नाव टाकून दिलं. हे कळून एकोणीस वर्षांचा पोरगा तुझ्या खोलीत चहा पीत बसेल? पहिल्या गाडीनं तो परत येईल, त्याच नाक्यावर उतरेल. अबू सत्तामनं त्या म्हाताऱ्याचं नाव, घर, सगळं काढलंय. मला दिलंय. खोटं कशाला बोलू, मलाही तो हवाय. मी त्याच्या गळ्याला हात घालीन आणि सावकाश दाबीन, त्याला पाढे म्हणायला लावीन, हामिद मास्तरांनी शिकवलेले. रोज पहाटे मी हेच करते, मनात. पण ते नाव मी गिळलंय, आणि तूही विचारू नकोस.

दोघांतला एक राहिलाय, नाझिम. दोन होतील असं आता कुठलंही गणित नाही. पण शून्य व्हायला तेवढा एकटा पुरेसा आहे.

म्हणून मी सांगते ते कर. आज रात्री त्याला समोर बसव. सांग, आईचं पत्र आलं, तिला फोनवर बोलवेना. सांग की नाका गाडीला लागलाच नाही, त्याच्या आधीच रस्त्यात पुरलेला बाँब फुटला. पुढची गाडी गेली, मागची गेली, मधली सापडली. अबू सत्ताम तेवढा उडून बाहेर पडला, म्हणून त्याचं नाक मोडलंय. अबू सत्तामला मी पढवलंय, पुतण्यालाही. त्यांची जबान पक्की आहे. कच्चा आहेस तो तू. डोळे भरून आले तर येऊ देत, पण तोंडातून दुसरा शब्द काढू नकोस, आज नाही, मरतानाही नाही.

तो मानणार नाही. मला फोन करील. करू दे. तो विचारील, "आई, कारण काय?" आणि मी, जिनं त्याला लहानपणी फासा टाकून दाखवला होता, मी त्याला सांगीन की काही कारण नव्हतं. बाळा, बाँब नाव विचारत नाही. तो माझं ऐकेल. असल्या गोष्टीत तो तुझं नाही, माझंच ऐकतो.

बुथैना